पोवळ्याचे छायाचित्र

परदेशी मुलाकडे निघालेल्या बाईच्या सामानात काय काय असते, हे वाचकभगिनींना मी नव्याने सांगण्याची गरज नाही. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, सांडगी मिरची, आणि आम्ही बडोदेकर म्हणून लिलो चेवड्याची दोन पाकिटे. गेल्या वर्षी सप्टेंबरात न्यू जर्सीला मुलाकडे निघाले, तेव्हा या सगळ्याखेरीज हातातल्या पिशवीत एक स्टीलचा गोल डबाही होता. अहमदाबादच्या विमानतळावर तपासणीच्या तरुणाने तो उघडायला लावला. ‘माताजी, लड्डू हैं क्या?’ असे त्याने हसत विचारले. आत मऊ फडक्यात गुंडाळलेले एक भिंग, दोन रंगीत काचा आणि मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेले निळे खडे निघाले, तेव्हा त्याचे हसू मावळले. ते खडे म्हणजे नेमके काय, हे त्याला आणि त्याच्या वरिष्ठाला पटवून देण्यात माझी दहा मिनिटे गेली.

ते खडे सिलिका जेलचे. हवेतला दमटपणा ते शोषून घेतात आणि पोट भरले की निळ्याचे गुलाबी होतात. मग ते तव्यावर मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे. बडोद्याच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीचे जाळे धरते. एकदा धरले की ते काचेला खाते. म्हणून ह्यांनी भिंगासाठी हा डबा केला होता, आणि खडे भाजण्यासाठी स्वयंपाकातून बाद केलेला एक तवा वेगळा ठेवला होता. हे गेले त्याला आता चौदा वर्षे झाली. कॅमेरा तर त्याआधीच बिघडून मोडीत गेला होता. पण दर पावसाळ्यात दोनतीनदा खडे भाजण्याचा नेम मी सोडला नाही. का, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. घरातली घड्याळाला किल्ली द्यायची सवय जशी अंगी मुरते, तशीच ही.

भिंगाचा इतिहास थोडक्यात सांगते. ह्यांचे आतेभाऊ कुवेतला होते. त्यांनी निकॉनचा एफएम कॅमेरा आणि त्याबरोबर ५५ मिलिमीटरचे ‘मायक्रो-निक्कोर’ भिंग आम्हाला दिले. पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. या भिंगाची खासियत अशी की ते वस्तूच्या अगदी जवळ नेता येते, आणि वस्तू फिल्मवर तिच्या निम्म्या आकाराएवढी उमटते. मुंगीचे पाय मोजता येतात. ह्यांचा त्यावर फार जीव. १९८४ च्या हिवाळ्यात जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर निसर्गप्रेमी मंडळींची एक सहल निघाली, तीत आम्ही तिघेही होतो. कच्छच्या आखाताचा तो भाग १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला होता. भरतीच्या पाण्यावर होडी बेटाला लागते; ओहोटी लागली की मैलोगणती खडक उघडा पडतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून प्रवाळ पाहत हिंडता येते. मी साडीचा ओचा खोचून, एका हाताने सहा वर्षांच्या मुलाला धरून चालले होते. समोर ताटाएवढा करडा-हिरवा दगड दिसला म्हणून त्यावर पाय ठेवला, तोच हे एवढ्या मंडळींसमोर ओरडले, ‘अगं, जिवंत आहे ते!’ मला इतका राग आला, की जामनगर येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही.

तोवर माझ्या लेखी पोवळे म्हणजे आजीच्या पाटलीशेजारच्या गोफात ओवलेला लाल मणी. हा मणी ज्या लाल प्रवाळाचा होतो, ते भूमध्य समुद्रात वाढते, आणि पिरोटनच्या खडकावरचे प्रवाळ त्याचे फार दूरचे आप्त. पण दोन्हीही वनस्पती नव्हेत, दगडही नव्हेत. मोहरीएवढ्या किंवा फार तर बशीएवढ्या असंख्य प्राण्यांची ती घरे, हे मला ह्यांच्याकडून कळले. पिरोटनच्या खडकावरच्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, आणि उन्हावर ते जे अन्न करते त्यावर प्राण्याचा बहुतेक निर्वाह चालतो. शेवाळ निघून गेले, की प्रवाळ पांढरे पडते. भाडेकरूने घर सोडल्यावर घरमालकाची चूल बंद पडावी, तसे हे नाते.

आता न्यू जर्सीकडे वळते. माझ्या मुलाच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीची, पाऊणशे गॅलनची, म्हणजे सुमारे २८० लिटरची काचेची टाकी आहे, आणि तीत समुद्र आहे. हे शब्दशः खरे आहे: मीठ मोजून घातलेले पाणी, त्याची ऊब पंचवीस-सव्वीस अंश, वर निळे दिवे, खाली कपाटात दुसरी टाकी, आणि दोहोंमधून अहोरात्र पाणी फिरवणारे पंप. पहिल्या आठवड्यात त्या घरघरीने मला झोप येईना. नंतर ती थांबली असती तर जाग आली असती, असे वाटू लागले. (हे वाटणे खोटे ठरले, ते पुढे येईलच.) टाकीत लहानमोठी तीसेक प्रवाळे आहेत. तिकडे ही प्रवाळे बागेतल्या कलमांसारखी वाढवली जातात. एकाच्या फांदीचा अंगठ्याएवढा तुकडा तोडायचा, गोल चकतीवर चिकटवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. आपल्याकडे मात्र कोणी हा छंद करण्याचा विचार मनात आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ती बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. ज्यांना पाहायची असतील त्यांनी ओहोटीला नराऱ्याच्या किनाऱ्यावर जावे आणि पायाखाली पाहून चालावे.

माझी नात बारा वर्षांची. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता: दहा आठवड्यांत एका प्रवाळाची वाढ किती होते, हे छायाचित्रांवरून मोजायचे. बडोद्याला असतानाच तिने फोनवर विचारले होते, ‘आजी, आजोबांचा कॅमेरा अजून आहे का गं?’ कॅमेरा नव्हता, भिंग होते. मुलगा म्हणाला, ‘आई, आणायचे तर आण, पण हल्ली फोनवर सगळे होते.’

ते सगळे होत नव्हते, हे मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिले. डोळ्यांना दिसणारे दृश्य असे: अंधाऱ्या खोलीत हिरवी, नारिंगी, जांभळी अंगे निखाऱ्यासारखी आतून उजळलेली. आणि फोनवरचे चित्र असे: कोणी निळीचे पाणी ओतावे तसा एकसारखा निळा डाग. नात रडकुंडीला आली होती. मुलाचे म्हणणे, नवा, अधिक महागडा फोन घ्यावा. नातीचे म्हणणे, तिच्या वर्गातल्या एका मुलाकडे आहे तसा मोठा कॅमेरा हवा. आणि सूनबाईंचे म्हणणे, की ज्या टाकीवर एवढा खर्च झाला आहे तिच्या फोटोवर आणखी खर्च होणार असेल, तर स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम आधी व्हावे. मला सूनबाईंचे पटले. पण ते मी बोलले नाही.

यंत्र निवडण्याआधी अडचण काय आहे हे समजून घ्यावे, अशी ह्यांची पद्धत होती. तीच मी धरली. प्रवाळाच्या टाकीवरचे दिवे साध्या पांढऱ्या उजेडाचे नसतात. समुद्रात खाली जावे तसा तांबडा प्रकाश आधी गळतो आणि निळा खोलवर पोचतो. म्हणून या दिव्यांतही निळ्याचेच प्राबल्य. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. दुपारचे ऊन साडेपाच हजारांच्या आसपास, आणि हे दिवे चौदा हजार, वीस हजारांच्या घरातले. बहुतेक कॅमेऱ्यांची रंग सावरण्याची शक्ती दहा हजारांच्या आगेमागे संपते. त्यापुढे यंत्र हात टेकते. दुसरे असे, की प्रवाळाच्या अंगातली काही प्रथिने निळा प्रकाश पितात आणि हिरवा किंवा तांबडा ओकतात. निखाऱ्यासारखा भास होतो तो यामुळे. अशा जातीचे हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळे केले, आणि त्याबद्दल २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. तांबडे प्रथिन पुढे १९९९ मध्ये हाती लागले, तेही असल्याच टाकीतल्या प्रवाळवर्गीय जिवातून. म्हणजे टाकीत दोन उजेड एकाच वेळी असतात: दिव्याचा परावर्तित होणारा प्रचंड निळा, आणि प्रवाळाचा स्वतःचा नाजूक हिरवा-तांबडा. कॅमेऱ्याला निळ्याचा पूर दिसतो आणि बाकीचे बुडून जाते. तेव्हा हवी होती ती गाळणी. चहाचा चोथा अडवून चहा खाली सोडते, तशी निळा अडवून बाकीचे आत सोडणारी काच.

आणि ती काच माझ्या डब्यात होती! कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात आकाश गडद यावे आणि ढग उठून दिसावेत म्हणून भिंगापुढे पिवळी काच लावीत. ह्यांच्याकडे बावन्न मिलिमीटरची एक पिवळी आणि एक नारिंगी अशा दोन होत्या. मी पिवळी काच नातीच्या फोनपुढे नुसती हाताने धरली आणि तिला म्हटले, आता काढ. चित्र उमटले तसे ती किंचाळलीच. हिरवे हिरवे आले होते आणि तांबडे तांबडे. नारिंगी काचही लावून पाहिली. तिने निळ्याबरोबर बराचसा हिरवाही अडवला आणि चित्र मळकट झाले. तेव्हा पिवळीवर आमचे एकमत झाले. हौशी लोकांसाठी फोनला चिमट्याने लावायच्या असल्या काचा तिकडे थोडक्या पैशांत मिळतात. नवशिक्याने पहिला खर्च करायचा तर तो या काचेवर आणि फोन स्थिर ठेवणाऱ्या एखाद्या तिपाईवर करावा, हे माझे स्पष्ट मत झाले आहे. बहुतेकांचे समाधान तेवढ्यात होते, आणि पुढचा खर्च आपोआप टळतो.

आमचे मात्र तेवढ्यावर भागेना, कारण नातीला मोजमाप करायचे होते. फोनचे भिंग रुंद दृश्य पाहणारे. टाकीत वीतभर आत असलेल्या फांदीचे टोक त्यात नीट भरत नाही, आणि ओढून मोठे केले की कडा विरघळतात. म्हणून एका रविवारी मुलगा आम्हा दोघींना न्यूयॉर्कला, चौतिसावा रस्ता आणि नववा मार्ग यांच्या कोपऱ्यावरच्या ‘बी अँड एच’ या दुकानात घेऊन गेला. शनिवारी ते बंद असते. मालक धर्मनिष्ठ ज्यू आहेत. आत छतालगत सरकते पट्टे आहेत आणि त्यांवरून गिऱ्हाइकाचा माल टोपल्यांतून गल्ल्याकडे जातो. मी बराच वेळ तीच गंमत पाहत उभी होते. विक्रेत्या गृहस्थांना वाटले, या म्हाताऱ्या बाई सोबतीला आल्या असाव्यात. ते मुलाशीच बोलत राहिले. त्यांनी नवे ९० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग दाखवले. ते उत्तमच, यात शंका नाही. मुद्दाही त्यांनी खरा सांगितला: भिंगाची लांबी जितकी जास्त तितके वस्तूपासून दूर राहून तेवढेच मोठे चित्र घेता येते, आणि टाकीत तर वस्तू काचेआड असल्यामुळे जवळ जाण्याला मर्यादाच आहे. किंमत ऐकून मुलगा माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा मी पिशवीतून डबा काढला.

त्या गृहस्थांनी भिंग उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिले, कडी फिरवली आणि विचारले, हे कोणी सांभाळले? मी सांभाळले, असे मी इंग्रजीत सांगितले. पण तव्याची गोष्ट इंग्रजीत सांगायला मला जमली नाही.

त्यानंतर ते माझ्याशी बोलू लागले. जुनी भिंगे नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांना मधली एक धातूची कडी घालून बसवता येतात. त्यांत स्वयंचलित काही चालत नाही, सगळे हाताने करावे लागते. पण टाकीपुढे तेच बरे, कारण स्वयंचलित यंत्र प्रवाळाऐवजी काचेवरच्या डागाकडे किंवा मधून जाणाऱ्या माशाकडे धाव घेते. शिवाय या कॅमेऱ्यांत जो भाग स्पष्ट झाला त्याच्या कडा पडद्यावर रंगीत दाखवण्याची सोय असते, ती माझ्यासारख्या मोतीबिंदू काढलेल्या बाईला मोठीच सोयीची. आम्ही सोनीचा ‘ए ६०००’ हा २०१४ सालचा नमुना वापरलेला घेतला आणि वीसबावीस डॉलरांची कडी. त्याचे प्रकाशग्राहक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे आमचे ५५ चे भिंग ऐंशीच्या वर गेल्यासारखे वागते. सगळे मिळून त्या नव्या भिंगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात झाले. मोठ्या चौकटीचा, नवाकोरा कॅमेरा घेण्याची नवशिक्याला या कामासाठी गरज नाही. उलट मोठ्या चौकटीत स्पष्टतेची खोली आणखी उथळ होते आणि फांदीचे एक टोक धरावे तर दुसरे सुटते.

पुढचे तीन आठवडे आम्ही आजी-नात टाकीपुढे जमिनीवर बसून काढले. काय काय शिकलो ते इथे लिहून ठेवते; घरी गोड्या पाण्याच्या माशांची टाकी असलेल्यांनाही ते उपयोगी पडेल. काच आधी आतून-बाहेरून पुसावी. डोळ्यांना न दिसणारे शेवाळ भिंगाला बरोबर दिसते. खोलीतले दिवे मालवावेत आणि गडद कपडे घालावेत, नाही तर चित्रात प्रवाळाच्या पोटी आपला पदर येतो. भिंग काचेशी काटकोनात धरावे. पाण्याच्या पेल्यातला चमचा मोडलेला दिसतो ना, तोच प्रकार इथे होतो; तिरपे पाहिले की कडांना रंगांची झालर लागते. गोलाकार काचेच्या टाक्या म्हणूनच छायाचित्राला निरुपयोगी. पाण्यामुळे वस्तू तीनचतुर्थांश अंतरावर असल्यासारखी दिसते. बारा सेंटिमीटर आतले प्रवाळ नऊवर भासते, हा आमचा फायदाच. आमच्या भिंगाची पुढची काच नळीत खोल बसलेली आहे, त्यामुळे भिंग टाकीला टेकवता येते. मात्र धातूची कडा काचेवर ओरखडा पाडील, म्हणून नातीने तिला केसांचे रबर गुंडाळले. छिद्र आठ किंवा अकरावर ठेवावे, कॅमेरा तिपाईवर, आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. शटर फार जलद ठेवले तर दिव्यांच्या सूक्ष्म लुकलुकण्यामुळे चित्रात पट्टे येतात. आणि चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवावे, म्हणजे रंग नंतर सावरता येतो.

सावरता येतो, याचा अर्थ वाढवावा असा नव्हे. प्रवाळाचे तुकडे विकणारे लोक जाहिरातीतली चित्रे अशी भडक करतात, की घरी आलेला तुकडा ओळखू येत नाही. आमच्या काळी वधूपरीक्षेसाठी स्टुडिओतून रंगवून आणलेले फोटो पाठवीत, त्यातलाच हा प्रकार. नातीला मी एकच नियम घालून दिला होता, की चित्र पडद्यावर उघडायचे आणि टाकीकडे पाहून जुळवायचे.

आता जे लिहायचे ते लिहिण्याचा मला कंटाळा आहे, पण तेच टाळले तर बाकीच्याला अर्थ राहत नाही.

नातीने मापासाठी निवडलेले प्रवाळ ‘ॲक्रोपोरा’ जातीचे होते. हिरव्या फांद्या, टोके जांभळी. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या मुलाने ते बोटाच्या पेराएवढे आणले होते. आता ते ओंजळभर झाले होते. घरात कोणी आले की तो आधी तेच दाखवी. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मुलगा आणि सूनबाई एका लग्नाला बोस्टनला गेली. रात्री मुक्काम तिकडेच. आम्ही दोघी घरी. प्रवाहामुळे फांद्यांवरचे तंतू हलतात आणि चित्र पुसट येते, म्हणून चित्रे काढताना पंप थांबवावे लागत. ते काम मुलगा करी. त्या दिवशी मी कपाटात हात घालून भिंतीवरचे बटण बंद केले. रात्रीचे आठ वाजले असतील. पाणी काचेसारखे स्थिर झाले, आणि त्या दिवशी आमची आजवरची सर्वांत चांगली चित्रे निघाली. इतक्यात बडोद्याहून जाऊबाईंचा फोन आला. तिकडे पहाट झाली होती आणि मोठ्या दिरांना रुग्णालयात हलवत होते. मी फोन घेऊन वरच्या खोलीत गेले. नात टाकीसमोरच्या गालिच्यावर झोपी गेली होती. तिला तासाभराने उठवून वर नेले. दहा वाजता टाकीचे दिवे आपोआप मालवले. पंपाची घरघर नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. रात्रभर मी दिरांच्या काळजीत जागी होते, आणि तरीही आले नाही.

उजेड असतो तोवर टाकीतले शेवाळ प्राणवायू करते. अंधार पडला की तेही इतरांसारखे प्राणवायू घेऊ लागते, आणि पाणी हलत नसेल तर हवेतून नवा विरघळत नाही. शिवाय पाणी गरम ठेवणारी कांडी खालच्या टाकीत. पाणी फिरेना म्हणून वरची टाकी रात्रभर निवत गेली. सकाळी सहाला चहा करायला खाली आले तेव्हा जोडीतला एक नारिंगी-पांढरा मासा तळाशी आडवा पडला होता, आणि दुसरा पृष्ठभागाशी तोंड वासत होता. मी बटण दाबले. मग मुलाला फोन केला. तो रागावला नाही. काय करायचे ते त्याने एकेक वाक्यात सांगितले, आणि दुपारपर्यंत दोघे परत आली.

मऊ अंगाची प्रवाळे मिटून बसली होती, ती तीनचार दिवसांत उमलली. ॲक्रोपोराचे तसे झाले नाही. बुंध्याकडून कातडी सुटू लागली आणि दोन दिवसांत ते सारे पांढरे झाले. शेवाळ सोडून गेल्याने येणारा पांढुरका रंग निराळा. तिथे प्राणी अजून असतो, परतण्याची आशा असते. इथे नुसता चुन्याचा सांगाडा उरला होता. मुलाने तो बाहेर काढून धुतला आणि खिडकीत ठेवला. तीन दिवस तो जेवताना माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. नात म्हणाली, ‘आजी, मी पण विसरले,’ आणि रडली. मला पिरोटनचा तो ताटाएवढा दगड आठवत होता. तेव्हा रागवायला समोर कोणी तरी होते.

चौथ्या रात्री तो खाली आला. मी कॅमेऱ्याचे भिंग काढून डब्यात ठेवत होते. परत न्यायच्या सामानात टाकावे असे मनात होते. तो म्हणाला, ‘आई, त्या रात्रीचे फोटो दाखव.’ आम्ही ते पडद्यावर उघडले. एका फांदीच्या टोकाशी, तिळाच्या निम्म्याएवढी, नुकती फुटलेली एक जांभळी पेरी दिसत होती. नुसत्या डोळ्यांनी ती कधी दिसली नसती. तो ते चित्र मोठे करकरून खूप वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘बाबांनी मला पिरोटनला खांद्यावर घेतले होते. तुला आठवते?’ मी हो म्हटले. माझ्या आठवणीत तो माझा हात धरून चालत होता. पण ते मी बोलले नाही. बोटीपर्यंत कदाचित ह्यांनी घेतलेही असेल.

मग त्याने मला कपाटातले एक छोटे बटण दाखवले. मासे खाताना दाणे वाहून जाऊ नयेत म्हणून ते असते: दाबले की पंप दहा मिनिटे थांबतात आणि आपोआप सुरू होतात. चित्रे काढायला दहा मिनिटे पुष्कळ. ज्यांच्याकडे असे बटण नसेल त्यांनी उशाशी गजर लावून मगच पंपाला हात लावावा, आणि बटण बंद असेतो टाकीपुढून उठू नये. कॅमेऱ्याच्या कोणत्याही माहितीपुस्तकात ही गोष्ट मला आढळली नाही, म्हणून इथे लिहिली.

या छंदातल्या लोकांची एक चांगली रीत आहे. आपल्याजवळचे आवडते प्रवाळ असेल, तर त्याचे कलम दुसऱ्या कोणाकडे देऊन ठेवायचे. मुलाने दोन वर्षांपूर्वी आपल्या एका मित्राला त्याच ॲक्रोपोराचा तुकडा दिला होता. डिसेंबरात त्या मित्राने त्यातली दोन पेरांएवढी फांदी पिशवीतून आणून दिली. नातीने प्रयोग पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू केला: दर रविवारी तेच अंतर, तेच छिद्र, तोच वेळ, आणि शेजारी काचेवर चिकटवलेली मिलिमीटरची पट्टी. मी निघेपर्यंत नऊ चित्रे झाली होती. पहिली तीन जवळपास सारखीच आहेत. नवीन जागी रुळेपर्यंत प्रवाळ वाढत नाही. चौथ्यापासून बुंधा चकतीवर पसरू लागलेला दिसतो. प्रदर्शनात तिने ती नऊच्या नऊ मांडली, आणि शेजारी तो पांढरा सांगाडा व त्याचे शेवटचे चित्रही ठेवले. खाली कारण काय लिहायचे, हे तिने मला विचारले होते. जे झाले तेच लिही, असे मी सांगितले. तिने ‘मानवी चूक’ असे लिहिले; कोणाची, ते लिहिले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी बडोद्यास परतले. भिंग, दोन्ही काचा आणि डबा तिकडेच ठेवला. तिकडच्या हिवाळ्यात घरे तापवलेली आणि कोरडी असतात, खड्यांना काम नसते; पण उन्हाळ्यात हवा दमट होते, हे मी निघताना नातीला दोनदा सांगितले होते. जुलैतल्या एका रात्री झोपायच्या वेळी तिचा निरोप आला. डब्याचे चित्र होते, आणि खाली मराठीत लिहिले होते: ‘आजी, खडे गुलाबी झाले. आईचा कुठला तवा घेऊ?’